रंगाला जामीन कोण?

झाशीच्या इलाइट चौराह्यावर दिवेलागणीनंतर पाच मिनिटे उभे राहिले, तर रंग ह्या वस्तूविषयी माणसाचे पुष्कळसे समज डळमळू लागतात. एकाच समारंभाचे दोन फलक दोन दुकानांतून छापून आलेले असतात. मजकूर तोच, चेहरे तेच, पण एकाचा भगवा पिकल्या संत्र्यासारखा आणि दुसऱ्याचा विटेसारखा. ये-जा करणाऱ्यांस त्याचे काही वाटत नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत काही वाटत नव्हते. कचेरीतून सुटल्यावर त्या चौकातून घरी जाणे हा माझा नित्यक्रम आहे, आणि नित्य दिसणाऱ्या गोष्टीकडे पाहण्याची सवय कारकुनास फारशी नसते. तो फक्त आवक-जावक पाहतो.

परंतु गेल्या गणेशोत्सवात येथील आम्हा मराठी मंडळींनी एक स्मरणिका काढावयाचे ठरविले. ‘तुम्हांला कॉम्प्युटरचे कळते’ एवढ्या पुण्याईवर तिची छपाई माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर काय घालावे ह्याचा फारसा वाद झाला नाही. शहराच्या जुन्या भागातील एका मराठी घरात देवघराशेजारी रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी टांगलेली आहे. लाल साडीतील, कमळावर उभी, मागे पाणी व हत्ती, अशी ही लक्ष्मी वाचकांपैकी पुष्कळांनी आजोळी पाहिली असेल. त्या घरातील आजी आता मुलाकडे दूर गावी जाणार, घर विकले जाणार, चित्र कोठे जाईल ते कोणी सांगू शकेना. तेव्हा निदान स्मरणिकेवर ते राहावे, असा सर्वांचा मनोदय. मी मोबाइलवर चित्राचे छायाचित्र घेतले, चौकाजवळच्या एका दुकानात बसून मुखपृष्ठाची मांडणी करविली आणि ती छपाईस पाठविली. पडद्यावर लक्ष्मी अशी झळकत होती की मांडणी करणारा मुलगाही म्हणाला, ‘‘बाबूजी, बिल्कुल ओरिजिनल लग रही है.’’

नमुन्याची प्रत छापून आली तेव्हा साडी तपकिरीकडे झुकलेली, पाणी जांभळट, आणि मुखपृष्ठाच्या कडेचा भगवा पट्टा भिजलेल्या मातीचा. मी ती प्रत आजींना दाखविली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली आणि परत देत एवढेच म्हणाल्या, ‘‘अरे, ही कोणाची? ही आमची नव्हे.’’

दोष कोणाचा, ह्याचा तपास मी कचेरीच्या पद्धतीनेच केला. छापखाना म्हणे, आलेली फाइल जशीच्या तशी छापली. दुकानातील मुलगा म्हणे, पडद्यावर सर्व ठीक होते. दोघेही खरे बोलत होते. मग रंगाला जामीन कोण? हा प्रश्न मला आपल्या छपाईच्या इतिहासात मागे मागे घेऊन गेला, आणि तेथे जे दिसले ते मला ह्या चुकीपेक्षा अधिक मोलाचे वाटले.

दगडापासून आरंभ करू. पुण्याची चित्रशाळा 1878 साली निघाली. ‘निबंधमाले’चे विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या स्थापनेत होते. चित्रशाळेचे रामपंचायतन कित्येक मराठी घरांच्या भिंतींवर पोहोचले. रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दोन्ही ठिकाणची विद्या एकच होती, शिळाछापाची. बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधून काढली. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, शिळा ओली करावयाची. पाणी तेलाच्या रेघेस शिवत नाही आणि तेलकट शाई ओल्या दगडास शिवत नाही. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. बारीक कामास कधीकधी दहांहून अधिक शिळा लागत आणि तितक्या वेळा तोच कागद यंत्राखालून जाई.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तैलचित्रातील साडीचा लाल किती शिळांत वाटावयाचा, गुलाबी खाली घालून वर गडद लाल घ्यावयाचा की उलट, गालावरील छाया तपकिरी ठिपक्यांनी साधावयाची की निळ्या, हे सारे शिळेवर काम करणारा कारागीर आपल्या डोळ्याने ठरवी. आज आपण ज्यास रंग वेगळे काढणे म्हणतो ते त्याच्या बोटांत होते. मूळ चित्र समोर ठेवून तो छापाशी ताडून पाही, पटले नाही तर शिळा घासून पुन्हा काढी. बाजारात गेलेल्या चित्राचा रंग बिघडला तर बोट छापखान्याकडे जाई, चित्रकाराकडे नव्हे. ह्या कारागिरांची नावे चित्रांखाली नाहीत, आणि ही आपल्या कलेतिहासातील मोठीच कृतघ्नता आहे. परंतु रंगाचे जामीनदार तेच होते.

दहा शिळांचे काम तीन ठशांत उरकता येईल काय, ही महत्त्वाकांक्षा शिळाछापाहूनही जुनी. याकोब ल ब्लाँ ह्याने 1719 साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले होते. तांबड्या, पिवळ्या व निळ्या अशा तीन धातुपट्ट्यांवरून तो रंगीत चित्रे छापी. परंतु त्याच्याही पट्ट्या हातानेच खोदलेल्या. यंत्राने रंग वेगळे काढण्याचा मार्ग जेम्स क्लार्क मॅक्सवेलने दाखविला. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने चौकडीच्या फितीची तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून घेतलेली छायाचित्रे एकावर एक टाकून पडद्यावर रंगीत फीत उमटविली. त्या काळची काच तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी होती. मग तांबडा आला कोठून? ह्याचा उलगडा शंभर वर्षांनी झाला: तांबड्या कापडावरून परावर्तित होणारे अतिनील किरण त्या काचेस दिसले होते. रंगाच्या इतिहासात असे सुदैवी अपघात पुष्कळ आहेत. पुढे 1869 साली फ्रान्सच्या द्यु ओरोंने कागदावरील छपाईचे उलटे गणित मांडले. पडद्यावर प्रकाश मिळवावा लागतो, कागदावर शाई प्रकाश गिळते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर पडद्यावरील रंग हे जमाखाते आहे आणि कागदावरील रंग हे वजावटीचे. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश एकत्र केला की पांढरा होतो. निळसर, किरमिजी व पिवळी शाई एकत्र केली की काळ्याच्या जवळ जाणारा मळकट रंग होतो. म्हणून चौथी, काळी शाई. आज प्रत्येक फाइलीत ही दोन खाती समोरासमोर येतात आणि त्यांचा ताळमेळ घालावा लागतो.

ही नवी विद्या मराठी माणसाने फार लवकर हाती घेतली, आणि तो माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मात्र दुसऱ्या कारणासाठी. धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तीन रंगांचे ठसे करण्याची कला त्यांनी शिकून घेतली. पुढे ते पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच सरकारी नोकर. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे व छपाईचा उद्योग काढला. तेथे ते रविवर्मा छापखान्याची कामे करीत. त्यातून पुढे मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभी राहिली, आणि 1909च्या सुमारास रंगीत छपाईची नवी यंत्रे व विद्या आणण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. 1911 साली भागीदारांशी न पटल्यामुळे ते बाहेर पडले. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि छपाईवाले फाळके लोकांच्या स्मरणातून गेले ते गेलेच. दादासाहेबांच्या चित्रपटांविषयी आपण पुष्कळ लिहितो. पण प्रकाशाचे तीन भाग करणे व ते पुन्हा जुळविणे ही विद्या त्यांच्या हाती कॅमेऱ्याआधी शाईतून आली, ह्याचा उच्चार क्वचितच होतो.

त्याच सुमारास कलकत्त्यास उपेंद्रकिशोर रायचौधुरी ह्याच कोड्याशी झुंजत होते. छायाचित्र छापावयाचे तर करड्या छटांचे लहानमोठे ठिपके करावे लागतात. काचेवर आखलेल्या बारीक जाळीतून छायाचित्र घेतले की ते होतात. पण तीन-चार रंगांच्या जाळ्या एकाच दिशेने पडल्या तर चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागते. उपेंद्रकिशोरांनी जाळीच्या रचनेवर केलेले संशोधन लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध झाले. आजही काळा 45 अंशांवर आणि पिवळा शून्यावर, निळसर व किरमिजी ह्यांच्यामध्ये 15 व 75 वर असे कोन सामान्यतः घेतात. मुखपृष्ठावर भिंग धरून पाहा; फुलासारखे बारीक गुच्छ दिसतील.

पुढील अर्धशतकाचा काळ मी वाचकांच्या आठवणीवर सोपवितो. दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’, रघुवीर मुळगावकरांचे ‘रत्नप्रभा’ व ‘रत्नदीप’ हे अंक ज्यांच्या घरी येत त्यांना त्या मुखपृष्ठांचा गुळगुळीत स्पर्श वेगळा सांगावयास नको. तेथेही रंग चित्रकाराच्या हातून ब्लॉकमेकरकडे, तेथून मशीनवर जाई. मशीनमन पहिला छाप घेऊन उजेडाकडे जाई, शाई दोन थेंब कमी-अधिक करी. कागद बदलला तर हात बदले. हे कोठे लिहून ठेवलेले नव्हते; गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे जात होते. ही पद्धत गैरसोयीची खरी, पण तिच्यात एक मोठा गुण होता: कागदावर रंग येण्यापूर्वी तो जाणत्या नजरेखालून गेल्याशिवाय राहत नसे.

रंग नजरेच्या भरवशावर न ठेवता आकड्यांत लिहावा, हा विचार मात्र वेगळ्याच वाटेने आला. 1931 साली केंब्रिजमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय दीपन आयोगाच्या बैठकीत ‘प्रमाण निरीक्षक’ ठरविण्यात आला. राइट व गिल्ड ह्या दोन इंग्रज संशोधकांनी एकूण सतरा जणांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून ही सरासरी दृष्टी निघाली. तेव्हापासून जगातील कोणताही रंग तीन आकड्यांत सांगता येतो. ह्या पद्धतीचा आपल्या देशाने केलेला एक उपयोग प्रत्येक सरकारी नोकराने जाणून घ्यावा असा आहे. भारतीय मानक संस्थेचे क्रमांक 1चे मानक, 1951 सालचे, राष्ट्रध्वजाचे आहे. त्यात ‘केशरी’ म्हणजे कोणता केशरी ते विशेषणांनी सांगितलेले नाही. केशरी, पांढरा, हिरवा व गडद निळा ह्यांचे रंगांक दिलेले आहेत, तेही कोणत्या प्रकाशात पाहावयाचे ह्याच्या उल्लेखासह. नांदेडला कापड विणले जावो की हुबळीला ध्वज शिवला जावो, त्याने त्या आकड्यांत बसले पाहिजे. कोणाचा भगवा खरा ह्यावर आपण कितीही वाद घालू. राज्ययंत्रणेने तो वाद आकड्यांनी मिटविला आणि जामीन म्हणून एक लेखी कागद पुढे केला. ते आकडे सतरा इंग्रज डोळ्यांच्या सरासरीवर उभे आहेत, हा इतिहासाचा विनोद म्हणून सोडून द्यावा.

आता माझ्या तपकिरी लक्ष्मीकडे येतो. 1984 साली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आली, 1985 साली ती भाषा जाणणारा लेझर प्रिंटर व पेजमेकर आले, आणि टेबलावर बसून पान लावण्याची सोय झाली. ह्या सोयीचा जयजयकार आम्ही सर्वांनी केला. परंतु त्याच दिवशी एक बदल मुकाट्याने झाला. शिळेवरील कारागीर, ब्लॉकमेकर, प्रूफ घेऊन उजेडाकडे जाणारा मशीनमन ह्यांचे काम फाइल तयार करणाऱ्याच्या माथी आले, आणि त्यास ते कोणी कळविले नाही. आमच्याकडे खात्याचा कार्यभार एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघांच्या सह्या होतात. येथे कार्यभार दिला गेला. घेणाऱ्याची सही झालीच नाही.

गोंधळ इतका माजला की 1993 साली आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ, म्हणजे आयसीसी, स्थापन केला. त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. प्रत्येक कॅमेरा, पडदा, छपाईयंत्र व कागद ह्यांच्या जोडीस एक ओळखपत्र द्यावयाचे, त्यास प्रोफाइल म्हणतात. ‘ह्या पडद्यावरील 255, 153, 51 म्हणजे प्रमाण निरीक्षकास दिसणारा अमुक रंग’ असे ते ओळखपत्र सांगते. दुसरे ओळखपत्र सांगते, ‘तो रंग ह्या कागदावर हवा तर किरमिजी इतका, पिवळा इतका.’ मधला दुभाषी म्हणजे तोच 1931चा डोळा. 1996 साली सामान्य पडद्यांसाठी एसआरजीबी ठरले. ऑफसेट छपाईच्या शाया व ठिपक्यांचे मानकही त्याच वर्षी आले आणि नंतर सुधारत गेले. जुन्या मशीनमनच्या नजरेचा काही अंश असा कागदोपत्री आला. सर्व अंश आला असे मी म्हणणार नाही.

मी काय चुकलो ते आता सांगता येते. आजींच्या घरातील पिवळ्या दिव्याखाली छायाचित्र घेतले. मोबाइलने ते स्वतःच्या आवडीने उजळविले. मग मी ते व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानात पाठविले. तेथे ते आक्रसले. मांडणी पडद्याच्या तीन रंगांत झाली व तशीच गेली. छापखान्यात तिचे चार शायांत रूपांतर झाले ते कोणत्या कागदासाठी, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पडद्याचा झळझळीत नारिंगी शाईच्या आवाक्याबाहेरचा असतो. जवळचा रंग शोधताना त्यात थोडी निळसर शाई मिसळली की भगव्याची माती होते. पडद्याचा शुद्ध निळा तर शाईत हमखास जांभळ्याकडे सरकतो. त्यात आम्ही काटकसर म्हणून आर्ट पेपरऐवजी मॅपलिथो घेतला होता. तो शाई पितो, ठिपके फुगतात, सगळेच गडद व मंद होते.

आणखी एक दोष मला आतील पानांत सापडला, आणि तो मराठी मजकूर छापणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. लिखाणाचा काळा रंग पडद्याच्या खात्यातून आला की त्याचे रूपांतर चारही शायांत होते. मग कागद केसभर सरकला तरी शिरोरेघेखाली तांबडी सावली पडते, अनुस्वार दुहेरी दिसतो, वेलांटीच्या कडा रंगीत होतात. रोमन लिपीस हे थोडे खपते. आमच्या रेघेखाली लटकणाऱ्या बारीक अक्षरांस खपत नाही. मजकूर केवळ काळ्या शाईत, शंभर टक्के, बाकी तीन शून्य, एवढे पाहिले की हा त्रास जातो. मी पाहिले नव्हते. आमच्या अध्यक्षांच्या मनोगतात प्रत्येक ‘मी’ला तांबडी झालर होती, हे त्यांनी मनाला लावून घेतले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या खेपेस मी आधी छापखान्यात गेलो. कोणता कागद, कोणते प्रोफाइल, एकूण शाई किती टक्क्यांपर्यंत चालेल, असे प्रश्न विचारले. तेथील वयस्क मशीनमनने माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा बसावयास खुर्ची दिली. भगव्यातील निळसर शाई त्यांनीच शून्यावर आणविली. मुखपृष्ठासाठी आर्ट पेपर घेतला. फाइल छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात गेली आणि छापण्याआधी रंगाचे प्रूफ निघाले. ते पाहावयाचे तर ठरलेल्या पांढऱ्या प्रकाशात; तसा दिवा तेथे नव्हता, म्हणून आम्ही दोघे सकाळी दहा वाजता दाराशी उभे राहून पाहिले, जसे त्यांचे वडील पाहत असतील.

चित्राचे छायाचित्रही पुन्हा घ्यावयाचे होते. काचेची चमक टाळण्यासाठी आजींच्या परवानगीने चौकट उतरविली, मागचे खिळे काढले आणि चित्र खिडकीच्या उजेडात बाहेर काढले. तेव्हा कडेला, जेथे लाकडाखाली इतकी वर्षे उजेड पोहोचला नव्हता, तेथे बोटभर रुंदीचा एक पट्टा दिसला. त्यातील पाणी गडद निळे होते. बाकी चित्रातील पाणी त्याच्या शेजारी राखेसारखे वाटू लागले. म्हणजे ज्या रंगाशी मी इतके दिवस मेळ घालू पाहत होतो, तोच मुळात उतरलेला होता. मळवलीच्या कारागिराने छापलेला रंग कोणता, हे सांगणारा पुरावा तेवढा एक पट्टा.

मी आजींना विचारले, स्मरणिकेवर कोणते पाणी घ्यावे? संगणकावर तो निळा सर्व चित्रभर पसरविणे अवघड नव्हते. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरविले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘हे माझ्या सासूबाईंनी पाहिलं असेल. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही अशीच आहे. अशीच घे.’’

स्मरणिकेवर पाणी फिके छापले आहे. पट्ट्याचे छायाचित्र मी वेगळे जपून ठेवले आहे, त्याच्या प्रोफाइलसह.